पायाळूचा पाय आणि मोकळी दांडी

जालन्यात मी पंचवीस वर्षं दवाखाना चालवला आणि या काळात लोकांनी मला नाना नावं दिली. शेकवाल्या बाई, लाईटवाल्या बाई, कंबरवाल्या बाई. पाटीवर 'फिजिओथेरपिस्ट' असं लिहून घेतलं होतं खरं, पण पाटी रंगवणाऱ्यानेच ब्रश खाली ठेवून विचारलं होतं, "ताई, हे कोण्या देवाचं नाव हाय?" त्याला काय सांगणार? नागपूरला शिकून मी चौऱ्याऐंशी साली गावी परतले, तेव्हा माझ्या वडिलांनाही मी नेमकं काय करते ते धड सांगता येत नसे. ते पाहुण्यांना म्हणत, "व्यायाम करवून घेते लोकांकडून." पाहुणे म्हणत, "म्हणजे पीटीच्या मास्तरीणबाई!"

धंदा समजायला सोपा आहे. मोडलेलं काय ते डॉक्टर शोधतो आणि जोडतो. जोडलेला माणूस पुन्हा त्याच्या कामावर उभा करायचा, हे आमचं काम. आमच्याकडे सुई नाही, गोळी नाही. शेक देणारं एक यंत्र, एक टेबल, चार उशा आणि दोन हात, एवढाच पसारा. बाकीचं औषध पेशंटने स्वतःच तयार करायचं असतं, आणि गाडी अडते ती तिथेच. जुन्या जालन्यातले धान्याचे एक व्यापारी आठ दिवस माझ्याकडे आले आणि नवव्या दिवशी मुनिमाला घेऊन आले. म्हणाले, "बाई, ते व्यायाम याला शिकवा. आपल्याला टाइम न्हाई."

"शेटजी, कंबर तुमची दुखतेय ना?"

"बराबर. पण माझी समदी कामं हाच करतो."

मुनीम बिचारा मुकाट टेबलावर चढायला निघाला होता.

मी स्वतः शहाणी होते असंही नाही. सुरुवातीच्या वर्षांत कंबरदुखीला आम्ही सरसकट सांगायचो: गादीखाली फळी घाला आणि सहा आठवडे हलू नका. पुस्तकं तसंच सांगत होती. अंबडच्या एका शाळामास्तरांनी माझा शब्द इतका पाळला की सहा आठवड्यांनी उठले तेव्हा मांड्यांची काडी झाली होती, आणि चार पावलं चालून ते भिंत धरू लागले. त्यांचे आभाराचे शब्द ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे पुस्तकं बदलली आणि मीही बदलले. मास्तरांचे ते महिने मात्र गेले ते गेलेच.

आता एक गोष्ट सांगते, जी धंद्यात असताना मी कुणाला सांगत नव्हते. मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: कमरेत उसण भरली, म्हणजे वाकताना चमक निघून माणूस जागच्या जागी अडकला, की पायाळू माणसाने त्या जागी लाथ मारायची आणि उसण पळायची, असा आपल्याकडे पक्का समज. पायाळूला जमिनीत पुरलेलं धन दिसतं असंही म्हणतात. मला कधी फुटकी दिडकीही दिसली नाही, पण लाथा मात्र भरपूर मारल्या. दर रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर गल्लीतलं कुणीतरी पालथं पडलेलं असे. न बोलता तीन लाथा, आणि त्याबद्दल मला गुळाचा खडा. गल्लीतल्या थोरामोठ्यांना लाथ मारायची परवानगी असलेली मी एकटीच मुलगी, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका.

मी नऊ वर्षांची असताना काशिनाथकाकांना आणलं. ते शेजारी राहायचे आणि कापडाच्या दुकानात कामाला होते. वरच्या फळीवरचा तागा काढताना शिडीवरून पडले होते. दोघांनी त्यांना धरून ओसरीवर पालथं घातलं. मी एक लाथ मारली, दुसरी मारली. कुणीतरी म्हणालं, "जोरात मार गं, लागू दे बराबर." तिसरी मी टाचेने मारली. काका ओरडले, तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. त्यानंतर त्यांचा डावा पाय कायमचा लुळा पडला. काठी टेकत, पाय ओढत ते दुकानात जात. मला कुणीही बोल लावला नाही. सगळे म्हणाले, नशीब. काका स्वतः जाता-येता माझ्या हातावर रेवड्या ठेवायचे, आणि मी त्या घेऊन न खाता गटारीत टाकायचे. मणका शिडीवरून पडतानाच मोडला होता की माझ्या टाचेने काम पुरं केलं, हे मला आजही माहीत नाही. पुढे नागपूरला पहिल्यांदा माणसाचा कणा हातात घेतला, मणक्यांमधून पायाकडे जाणाऱ्या नसा पाहिल्या, आणि वर्गातून बाहेर येऊन मी जिन्यात बसून रडले. त्या दिवसापासून पायाळू हा शब्द मी माझ्यापुरता पुसून टाकला.

म्हणून भगवानच्या आईने मला सगळी हकिकत सांगितली, तेव्हा मी ओरडलेच.

एक्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट असेल. भगवान हा अंबडकडच्या एका खेड्यातला, शेतकरी घरातला चोवीस वर्षांचा गडी. एमआयडीसीत लोखंडाच्या सळया ओढणाऱ्या मिलमध्ये कामाला, आणि उरलेला वेळ जुन्या जालन्यातल्या एका व्यायामशाळेत. वजन उचलण्यात जिल्ह्यात त्याचं नाव होतं. तीन-साडेतीन महिन्यांवर निवड चाचणी होती. त्यात पहिल्या दोघांत आला, तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीची आशा होती. वय उलटत चाललं होतं, अजून फार तर दोन चाचण्या त्याला मिळणार होत्या. म्हणून मिलची पाळी संपली की अंग न तापवता तो थेट दांडीवर वजन चढवायचा. एके दिवशी जमिनीवरून वजन उचलताना पाठीचा बाक झाला आणि कमरेत कट्कन वाजलं. गावी नेलं, तिथल्या पायाळूने तीन लाथा घातल्या. दुसऱ्या दिवशी त्याला टेम्पोत बाजेवर घालून जालन्याला आणलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड शाबूत असल्याचं सांगितलं आणि काही दिवसांनी त्याला माझ्याकडे पाठवलं.

"लाथ कुणी मारू दिली?" मी ओरडले.

आई दचकली. "बाई, समदेच मारून घेतेत. तुम्ही एवढं का चिडून राह्यल्या?"

का ते मी सांगितलं नाही. भगवानला टेबलावर घेतलं आणि आधी ते विचारलं, जे प्रत्येक कंबरवाल्याला आधी विचारायचं असतं. लघवी-संडासवर ताबा आहे ना? बसायच्या जागेला बधिरपणा? पाऊल, अंगठा वर उचलता येतो? यातल्या एकाचंही उत्तर वाकडं आलं तर व्यायाम-बियाम बाजूला ठेवून तडक मोठ्या दवाखान्यात जायचं, तिथे तास मोजायचे असतात. भगवानचं सगळं ठीक होतं. फक्त कळ कमरेतून डाव्या पोटरीपर्यंत जात होती. 

तो पडल्या पडल्याच म्हणाला, "म्याडम, चाचणीपत्तर बरा होईन ना? खरं सांगा."

"आधी संडासपर्यंत चालून दाखव," मी म्हटलं.

या दुखण्याला बिछान्याचा फार लळा लावायचा नाही. सोसेल तेवढं चालायचं, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. त्याला पालथं झोपवून कोपरांवर छाती उचलायला शिकवली. आठवड्याने तो तक्रार घेऊन आला, "म्याडम, पोटरीतली कळ गेली, पण कंबर जास्त दुखून राह्यली." मला आनंद झाला. पायात उतरलेलं दुखणं वर कमरेकडे सरकू लागलं, तर ते परतीच्या वाटेला लागलं असं समजायचं. त्याच्या आईला हे काही केल्या पटेना. कंबर जास्त दुखतेय म्हटल्यावर बाई पेढा खायला देते, असा दवाखाना तिने पाहिला नव्हता.

मग खरी शाळा सुरू झाली. माझ्या दवाखान्यात झाडूची एक जुनी काठी होती. ती पाठीवर उभी धरायची. डोक्याला, पाठीच्या मध्याला आणि माकडहाडाला, तिन्ही जागी ती टेकली पाहिजे. काठी न सुटता वाकायचं. दोन्ही हातांत ताटं असली की आपण बुडाने दार लोटतो ना, तसं मागे सरकत खुब्यातून वाकायचं, कंबर मधोमध मोडायची नाही. एवढा पैलवान गडी, पण पहिल्या दिवशी काठी दर वेळी सुटायची. इतकी वर्षं तो ताकदीने उचलत होता, पाठ कशी ठेवायची ते त्याला ठाऊकच नव्हतं. दहा दिवसांत काठी जमली. मग रिकामी कळशी, मग अर्धी, मग भरलेली. सहाव्या आठवड्यात कळ पूर्ण गेली.

मी त्याला बजावलं, "दुखणं थांबलं म्हणजे कंबर बरी झाली असं नाही. आता व्यायामशाळेत जा, पण मोकळी दांडी उचलायची. एकही चकती लावायची नाही. दर आठवड्याला थोडं वाढवू. यंदाच्या चाचणीचं नाव काढू नकोस, पुढच्या वर्षी बघू."

"वरीस जाईल म्याडम."

"वर्ष गेलं तर परत येतं. मणका येत नाही."

त्याचा चेहरा उतरला, पण मान हलवली. दहा दिवसांनी त्याची आई धावत आली. भगवान पुन्हा अडकला होता.

त्याच्याकडून कळलं ते असं. पहिल्या दिवशी त्याने मोकळी दांडी उचलली. ज्या गड्याची वजनं बघून लोकांनी कौतुकाने शिट्ट्या मारल्या होत्या, तो नुसती लोखंडी दांडी घेऊन उठाबशा काढतोय म्हटल्यावर पोरांनी टाळ्या पिटल्या. एकाने विचारलं, "काय भगवान, बाळंतीण झाला का?" तीन दिवस त्याने ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी चकत्या चढवल्या. व्यायामशाळेचे वस्ताद समोरच बसले होते, ते म्हणाले, "शाब्बास, आता कसं."

खरी दुखापत कुठे आहे, ते मला त्या दिवशी कळलं. कमरेचा इलाज माझ्याजवळ होता, तो मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. त्या हसण्याचा इलाज नव्हता.

मी व्यायामशाळेत गेले. म्हणजे दारापर्यंत. आत मारुतीची मूर्ती, बायकांनी उंबरा ओलांडायचा नाही हा जुना नेम. वस्ताद साठीचे, मिशा पांढऱ्या पण मान अजून बैलासारखी. आतूनच म्हणाले, "बाई, इथं बाया येत न्हाईत."

"मी आत येत नाही. दोन शब्द ऐका. भगवानला यंदा चाचणीला पाठवू नका. आणि त्याला मोकळी दांडी उचलू द्या."

"दुखणं गेलं की माणूस बरा असतोय. आमच्या टायमाला आम्ही उसण भरली तर पायाळूकून लाथ मारून घेत होतो आन सांजच्याला पुन्हा मैदानात. तुमचं पुस्तक तुमच्यापाशी ठेवा." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. उन्हात उंबऱ्याबाहेर उभी मी, आणि आतली पोरं माझ्याकडे बघत होती. असा अपमान गिळणं मला जमत नाही. घरी येऊन मी भांडी आपटली.

देव असतो की नाही ते मला माहीत नाही, पण पुढे जे झालं त्याला मी योगायोग म्हणायला तयार नाही. दोन आठवड्यांनी, दुपारी दवाखाना बंद करायच्या वेळेला, एक रिक्षा दाराशी थांबली. त्यातून वस्ताद उतरले, म्हणजे त्यांना उतरवलं. अंगाचा काटकोन झालेला. एका पोराला दांडी कशी उचलायची ते दाखवायला वाकले होते आणि तिथेच उसण भरली होती. सोबतच्या माणसाला त्यांनी बाहेर थांबवलं, दार लोटून घेतलं आणि खाली बघत म्हणाले, "बाई, आमची मंडळी तुमच्याच गल्लीतली हाय. ती म्हणली, तुम्ही पायाळू हायेत."

मी हातातली किल्ली खाली ठेवली.

"मारा तीन लाथा. कोनाला सांगनार न्हाई मी. तुम्ही बी सांगू नका."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? पंधरा दिवसांपूर्वी ज्या माणसाने मला उंबऱ्यावरून परत पाठवलं, तो माझ्या टेबलावर आपणहून पालथा पडत होता आणि वर लाथेची विनंती करत होता. अशी संधी जन्मात किती जणांना मिळते? एकदा असंही वाटलं, पाय नुसता टेकवावा, त्यांचं समाधान करावं आणि बदल्यात भगवानची सुटका मागून घ्यावी. सौदा वाईट नव्हता.

मी स्टूल ओढून त्यांच्या डोक्याशी बसले आणि काशिनाथकाकांची गोष्ट सांगितली. आईवडिलांनंतर ती माझ्या तोंडून ऐकणारे वस्ताद पहिलेच. टाच, ओरडणं, ओढत नेलेला पाय, रेवड्या, सगळं सांगितलं.  पेशंटसमोर माझं असं काही मी कधी काढलं नव्हतं.

वस्तादांनी टेबलावरची मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "त्या काकाला मंग बरं कोनी केलं?"

"कुणीच नाही. तेव्हा गावात माझ्यासारखं कुणी नव्हतं."

"अन आता हाय," ते हळू म्हणाले. मग म्हणाले, "काय करावं लागतंय ते सांगा. बिलकुल तसंच करतो."

मी आधी ते तीन प्रश्न विचारले. मग पोटाखाली उशी दिली, शेक दिला, श्वास संथ करवला, आणि तासाभराने ते स्वतःच्या पायांनी रिक्षात बसले. पंधरा दिवस रोज आले. झाडूची काठी पाठीला लावून वाकताना ती सुटली की स्वतःवरच चिडायचे. "चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, अन मलाच येत न्हाई," असं म्हणाले, तेव्हा मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. जाताना ती काठी मागून घेऊन गेले. भगवानबद्दल मी एक शब्दही काढला नव्हता.

तीन दिवसांनी भगवान आला. दारातूनच सांगू लागला, "म्याडम, काल वस्तादानं मोकळी दांडी उचलली! समद्यांपुढं. दहा येळा. मला बाजूला उभं केलं अन म्हणले, चल, माझ्यासंगं उचल. मंग पोरांकडं बघून म्हणले, कोन हासलं रे? कोनीच न्हाई हासलं."

"आणि चाचणी?"

तो खाली बसला. "वस्ताद म्हणले, यंदा न्हाई." एवढं म्हणून त्याने तोंड ओंजळीत धरलं आणि रडला. मी रडू दिलं. त्या वेळी समजूत घालणं म्हणजे त्याचं दुःख लहान करणं झालं असतं.

पुढची हकिकत गोड करून सांगायचा मोह होतो, पण तसं झालं नाही. पुढच्या वर्षी भगवान चाचणीला गेला, पूर्वीपेक्षा जास्त वजन सरळ पाठीने उचललं, आणि तिसरा आला. नोकरी पहिल्या दोघांना मिळाली. त्यानंतर वय उलटलं. आदल्या वर्षी त्याला जाऊ दिलं असतं तर? तेव्हा मैदान सोपं होतं म्हणतात. कदाचित दुसरा आला असता. कदाचित बाजेवरून परत आला असता. मी कितीदा तरी हा हिशेब मांडला आणि अर्ध्यावर सोडला. त्याला एकदा विचारलंही, राग येतो का माझा? तो म्हणाला, "आल्ता म्याडम. दोन वरीस आल्ता. मंग पोरगी झाली, तिला खांद्यावर घेऊन गावाकडं चालत गेल्तो, तवा गेला." मिलमध्ये तो पुढे मुकादम झाला. सळयांचा भारा उचलताना नव्या कामगारांना तो बुडाने दार लोटायला लावतो, असं मी दुसऱ्या एका पेशंटकडून ऐकलं. त्या पेशंटला अर्थातच ठाऊक नव्हतं की दार कुणाचं आहे.

मी दवाखाना बंद केला त्या वर्षी व्यायामशाळेचं बांधकाम नव्याने झालं होतं. उद्घाटनाला यायचं आहे, असं सांगायला भगवान घरी आला. मी म्हटलं, दारापर्यंत येईन. गेले तेव्हा दारात वस्ताद खुर्ची टाकून बसले होते. ऐंशीच्या घरात पोचलेले, मिशा विरळ, पण उठले ते खुब्यातून, पाठ सरळ ठेवून. धंद्याची नजर, ती आधी तिकडेच गेली.

"या बाई."

"वस्ताद, इथे बाया येत नाहीत."

"येत नव्हत्या," ते म्हणाले. "चप्पल काढा अन आधी उजवा पाय आत टाका. तुमच्या पायाचा मान हाय. त्या दिशी तुम्ही तो आमच्यावर उचलला न्हाई, म्हणून."

जवळजवळ चाळीस वर्षं मी माझ्या पायांकडे नीट पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, आणि उजवा पाय उंबऱ्याच्या आत ठेवला. फरशी गार होती. मूर्तीच्या बाजूला खिळ्यावर माझी झाडूची काठी टांगलेली होती. तिच्याखाली भगवान सात-आठ नव्या पोरांना रांगेत उभं करून मोजत होता. सगळ्यांच्या हातात मोकळ्या दांड्या होत्या, आणि कुणीही हसत नव्हतं.